बारावीनंतर थेट बी.एड. का आधी डिग्री? मुलीला लहान मुलांमध्ये काम करायचंय, कोल्हापुरातून रस्ता कसा?

बावड्याची आई

नमस्कार, पहिल्यांदाच इथं लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही कसबा बावड्यात राहतो. मुलगी यंदा बारावीत गेली, सायन्स, गणित आणि बायो दोन्ही आहे, अकरावीला सत्तर-बहात्तर टक्क्यांच्या आसपास होती. घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की सीईटी देईल, इंजिनिअरिंगला जाईल. गेल्या महिन्यात जेवताना तिनं सरळ सांगितलं की मला शिक्षण आणि मुलांची वाढ या विषयात शिकायचंय, आणि अर्धवट नाही तर मास्टर्सपर्यंत.

हे एकदम आलेलं नाही. दोन वर्षं झाली, गल्लीतली चार-पाच पोरं संध्याकाळी आमच्या सोप्यात येऊन बसतात. त्यातला एक सहा वर्षांचा पोरगा कुणाशी बोलायचाच नाही. हिनं त्याला बोल असं कधी म्हटलं नाही, नुसती त्याच्यासमोर गव्हातले खडे निवडायला बसायची, मग तोही निवडायला लागला, आणि तीन आठवड्यांनी एक दिवस म्हणाला, "दीदी, हा खडा नव्हं, तांदूळ हाय." त्या रात्री स्वयंपाकघरात येऊन ती मला हे सांगत होती तेव्हाचा तिचा चेहरा मी बघितलाय, त्यामुळं हे खूळ आहे असं मला तरी म्हणवत नाही.

तिच्या बाबांचा हिशेब वेगळा आहे. बी.एस्सी. तीन, बी.एड. दोन, एम.एड. दोन, म्हणजे सात वर्षं, आणि मग नोकरी कधी? दुसरीकडं माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत नॅशव्हिलला असते, ती म्हणते तिकडं व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं पीबॉडी म्हणून कॉलेज आहे, शिक्षण आणि मानव विकास अशा नावाचंच, तिथं बॅचलर आणि मास्टर जोडून पाच वर्षांत करता येतं. एवढा खर्च आमच्या आवाक्यातला नाही, पण असं जोडून इथं काही मिळतं का? आणि वर्षं वाचतात म्हणून जोडकोर्स घ्यावा का वेगवेगळं करावं? कोल्हापूर सोडावं लागेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा की प्लीज.

खडूफळा

ताई, मी अध्यापक महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयात अर्धवट माहितीवर ऍडमिशन घेऊन पस्तावलेली पोरं दरवर्षी बघतो.

पहिली गोष्ट, "जोडकोर्स" या एकाच नावाखाली इथं दोन वेगळ्या गोष्टी फिरतात. एक बारावीनंतरचा चार वर्षांचा, त्याला आयटेप म्हणतात, बी.ए. बी.एड., बी.एस्सी. बी.एड. किंवा बी.कॉम. बी.एड. यात डिग्री आणि बी.एड. एकत्र होतं, म्हणजे पाचऐवजी चार वर्षं. २०२३-२४ पासून सुरू झालाय आणि त्याला एनसीईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते, एनटीए म्हणजे केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते. फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच्या महिन्यांत निघतात, त्यामुळं जानेवारीपासून वेबसाइटवर डोळा ठेवा, नाहीतर बोर्डाच्या गडबडीत तारीख निघून जाते आणि वर्ष जातं. नव्या शैक्षणिक धोरणात तर लिहिलंच आहे की २०३० पर्यंत शिक्षक व्हायला किमान हीच चार वर्षांची पदवी धरायची.

दुसरा तो तीन वर्षांचा बी.एड.-एम.एड. नाव ऐकून सगळ्यांना वाटतं की बी.एस्सी. झाली की तीन वर्षांत दोन्ही पदरात. तसं नाही! त्याला आधी पोस्ट ग्रॅज्युएशन लागतं, ५५ टक्क्यांसह. म्हणजे तीन अधिक दोन अधिक तीन, आठ वर्षं. तुमच्या मिस्टरांच्या सातापेक्षा एक जास्तच. हे माझ्या एका विद्यार्थिनीला फॉर्म भरायच्या दिवशी कळलं, रडत फोन केला होता तिनं.

आता खरा मुद्दा, आणि हा वर्षं वाचवण्यापेक्षा मोठा आहे. तुमची मुलगी सहा वर्षांच्या पोराबरोबर खडे निवडत बसते. साधं बी.एड. तिला त्या पोरापर्यंत पोचवत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालत नाही, त्याला प्राथमिकची पदविका म्हणजे डी.एल.एड. किंवा त्या वयोगटासाठीचं शिक्षण लागतं. बी.एड. म्हणजे सहावीच्या पुढं. आयटेपमध्ये पायाभूत (बालवाडी ते दुसरी), पूर्वतयारी (तिसरी ते पाचवी), पूर्वमाध्यमिक (सहावी ते आठवी), माध्यमिक (नववी ते बारावी) असे टप्पे ठरवलेत, पण प्रत्येक कॉलेजात सगळे टप्पे नसतात. म्हणून कॉलेजला पहिला प्रश्न फीचा विचारू नका, तुमच्याकडं कुठला टप्पा आहे हे विचारा.

एम.एड.बद्दल एकच सांगतो. शाळेत शिकवायला ते लागत नाही. डाएटमध्ये म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, अध्यापक महाविद्यालयात शिकवायला जायचं असेल तर लागतं, सोबत प्राध्यापकीची नेट परीक्षा. ते आधी चार वर्षं वर्गात काढून मग केलेलं जास्त कामाला येतं असं माझं मत आहे, कारण वर्ग न बघता एम.एड.ला आलेल्या मुलांना मी अभ्यासक्रमाच्या सिद्धांतावर तासभर बोलताना ऐकलंय आणि त्यांना चौथीच्या पोराची वही तपासता येत नाही.

पोर्टलची वाट

सरांनी बरोबर सांगितलंय पण नोकरीचं कुणीतरी खरं बोलायला पाहिजे म्हणून लिहितोय. मी बी.एस्सी. आणि मग बी.एड. केलंय. ज्या कॉलेजात घेतलं त्याचं नाव घेत नाही, पण दुसऱ्या वर्षी कळलं की वाढवून घेतलेल्या एका तुकडीला मान्यताच नव्हती, आमची तुकडी त्यातलीच का याचं उत्तर मिळायला पाच महिने लागले, तोवर ना झोप ना अभ्यास. शेवटी आमचं निभावलं. पण ताई, फी भरायच्या आधी एनसीटीई म्हणजे बी.एड. कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या वेबसाइटवर त्या कॉलेजचं नाव, कोर्सचं नाव आणि किती जागांना मान्यता आहे हे तिन्ही बघा, आणि मान्यतेचा आदेश प्रत्यक्ष मागा. द्यायला टाळाटाळ केली तर उठून या.

पुढचं. शिक्षक व्हायला डिग्री पुरत नाही. पहिली ते आठवीसाठी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास पाहिजे, दीडशे मार्कांची, ओपनला नव्वद. त्यानंतर टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, दोनशे मार्कांची, आणि त्या मार्कांवर पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाइटवरून भरती. आता ही टेट कधी झाली बघा, २०१७ ला पहिली, मग थेट २०२३, मग २०२५. मधल्या त्या सहा वर्षांत ज्यांचं बी.एड. झालं त्यांनी काय केलं असेल? माझा मित्र गोकुळ शिरगावला एमआयडीसीत लागला, अजून तिथंच आहे, आणि तो आमच्या बॅचमधला सगळ्यात चांगला शिकवणारा होता, वर्गात गेला की पोरं खिडकीबाहेर बघायची नाहीत.

मुलीला नाउमेद करायला लिहीत नाही. करू दे तिला. फक्त घरात आधीच ठरवून ठेवा की सरकारी भरती निघाली नाही तर दोन-तीन वर्षं ती खासगी शाळेत कमी पगारावर शिकवेल आणि त्यावरून कुणी तिला बोलणार नाही. आमच्या घरात ते ठरलं नव्हतं, त्याचा त्रास परीक्षेपेक्षा जास्त झाला.

बालवाडीताई

मी थोडी वेगळ्या वाटेनं गेले म्हणून लिहिते. मूळची गडहिंग्लजची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकास आणि कुटुंब अभ्यास असा विभाग आहे, तिथं मास्टर्स केलं. मुंबईत एसएनडीटीलाही हा विषय आहे. आपल्याकडं होम सायन्स म्हटलं की लोकांना शिवणकाम आणि लोणची आठवतात, पण मानव विकास ही त्याचीच शाखा, आणि त्यात आईच्या पोटातल्या बाळापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत माणूस कसा वाढतो, बोलायला कसा लागतो, घाबरतो कशाला, हे शिकवतात. तुमच्या मुलीनं जेवताना जो विषय सांगितला तो मला बी.एड.पेक्षा हाच वाटतो. पण एक लक्षात ठेवा, या डिग्रीवर शाळेत शिक्षक म्हणून लागता येत नाही, ते लायसन्स नाही. बालवाडी चालवणं, बालविकासावर काम करणाऱ्या संस्था, अभ्यासक्रम तयार करणं, पालकांबरोबरचं काम, हे सगळं मिळतं.

शिकतात कसं ते सांगते. पहिल्या सत्रात आम्हाला विभागाच्याच बालवाडीत बसवलं. एक मूल निवडायचं, अर्धा तास बघायचं आणि फक्त जे दिसलं ते लिहायचं. मी लिहिलं, "तो रागावला." बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि विचारलं, तुला राग दिसला का? काय दिसलं ते लिही. मग मी लिहिलं की ओठ आवळले, लाल ठोकळा उजव्या हातानं ढकलला, दाराकडं बघितलं, परत ठोकळा जवळ घेतला. हे चौथं वाक्य लिहिल्यावर मला कळलं की तो रागावला नव्हता, आई गेली म्हणून दाराकडं बघत होता. आज इतक्या वर्षांनी पालक येऊन सांगतात की आमचं पोरगं हट्टी आहे, तेव्हा मी पहिल्यांदा विचारते की काय करतं ते सांगा, हट्टी हा शब्द न वापरता सांगा.

ते पीबॉडी कॉलेज तुमच्या भाचीनं सांगितलं ना, आमच्या अभ्यासात त्याचं नाव यायचं. तिथल्या सुसान ग्रे या बाईंनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टेनेसीतल्या मर्फ्रीसबरो गावात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या मुलांसाठी शाळेआधीचा वर्ग चालवला. उन्हाळ्यात दहा आठवडे वर्ग, आणि बाकी वर्षभर आठवड्याला एकदा घरी जाऊन आईला सोबत घेऊन काम. अमेरिकेत १९६५ ला हेड स्टार्ट नावाची जी मोठी सरकारी योजना आली तिच्या मागं हे काम होतं. मी हे वाचत होते तेव्हा मला सारखी आपल्या डहाणूजवळच्या कोसबाडची आठवण येत होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाच्या कामाला सुरुवात केली, पुढं कोसबाडला गेल्या, मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला जातं तर कुरणात शाळा भरवायची. हे आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधी झालं, मराठीत झालं, आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना ताराबाईंचं नाव माहीत नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या मुलीला कुठलंही कॉलेज मिळो, एकदा कोसबाडला जाऊन येऊ दे.

बावड्याची आई

सगळ्यांचे मनापासून आभार, मुलीला आणि ह्यांना शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. आठ वर्षांचं ऐकून हे गप्पच झाले, मग म्हणाले आयटेपचं बघूया. मुलगी मात्र बालवाडीताईंच्या त्या लाल रेघेपाशी अडकली आहे, काल संध्याकाळी वही घेऊन सोप्यात बसली होती.

आता माझी अडचण. आयटेप कुठं चांगला हे शोधताना भोपाळचं नाव येतंय, एनसीईआरटीचं. एवढ्या लांब पाठवायचं का? आणि तिला अजून हेच कळत नाही की तिला शाळेतली शिक्षिका व्हायचंय का बालवाडीताईंसारखं काम करायचंय. अठराव्या वर्षी हे ठरवायचं कसं?

खडूफळा

भोपाळची ती प्रादेशिक शिक्षण संस्था, आपला महाराष्ट्र तिच्याच विभागात येतो. अजमेर, भुवनेश्वर, म्हैसूर अशा तिच्या बहिणी आहेत, आणि या संस्था १९६० च्या दशकापासून चार वर्षांचं बी.एस्सी. बी.एड. चालवत आल्यात, म्हणजे जोडकोर्स ही काही कालची टूम नाही. म्हैसूरला तर सहा वर्षांचं एम.एस्सी.एड. वर्षानुवर्षं चाललं, तुमची मुलगी म्हणते तसं डिग्री ते मास्टर एकाच दमात. संस्थेच्या आवारातच स्वतःची शाळा असते, त्यामुळं सकाळी शिकलेलं दुपारी वर्गात जाऊन करून बघता येतं. लांब आहे हे खरं, पण फी परवडणारी आणि शिकवणारे खमके. जवळचंच हवं असेल तर बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ बघा, तिथंही चार वर्षांचं बी.एस्सी. बी.एड. आहे, कोल्हापुरातून रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतंय. फी जास्त आहे, पण घरच्या उत्पन्नाप्रमाणं मदत देतात.

भुदरगडचा मास्तर

बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, वय एक्कावन्न. कोर्सचं सरांनी सांगितलंच आहे, मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी कारखान्याच्या फडावर ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवायला जायचो. बीडकडची कुटुंबं, दिवाळीच्या सुमाराला येणार आणि मार्च-एप्रिलला जाणार, पोरांची शाळा दोन्हीकडं अर्धी. त्यात एक दहा वर्षांचा पोरगा. त्याला मी पाटीवर "सदुसष्ट लिही" म्हटलं की तो ७६ लिहायचा, रोज. मला वाटायचं याला काही येत नाही. एक दिवस त्याच्या बापाची गाडी भरत होती आणि हा बाजूला उभा राहून मोळ्या मोजत होता, वीस झाल्या की वाढ्याचा एक तुकडा बाजूला ठेवायचा. शेवटी बापाला ओरडून सांगितलं, "तीन इसा आन् सात!" बापानं मोजून बघितलं पण नाही, बैल जुंपले. म्हणजे सदुसष्ट त्याला चांगलं कळत होतं, इतकं की त्याच्यावर घरचा हिशेब चालत होता. गोंधळ आपल्या आकड्यांच्या नावात होता, सदुसष्ट म्हणताना आधी सात ऐकू येतात, त्यानं आधी सात लिहिले. दुसऱ्या दिवशी पाटी ठेवून दिली, तीन तुकडे मांडले आणि विचारलं एका इशीत दहा-दहाच्या किती जुड्या? दोन. मग तीन इशीत? सहा. सहा जुड्या आणि सुट्या सात, आता लिही. ६७ लिहिलं त्यानं आणि माझ्याकडं असं बघितलं की एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलं.

२०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात साठ सात असं वाचायचं आणलं तेव्हा सगळीकडं आरडाओरड झाली होती. मी त्या वादात बोललो नाही पण मला हा पोरगा आठवत होता.

तर ताई, शिक्षण आणि मानव विकास असे दोन कप्पे कॉलेजात आहेत, फडावर नाहीत. पण आधी कुठल्या दारातून आत जायचं हे ठरवायला तिनं वेगवेगळ्या वयाच्या मुलांजवळ बसायला पाहिजे, नुसतं खेळायला नाही, बघायला. आठवडाभर अंगणवाडी, आठवडाभर तिसरी-चौथी, आठवडाभर आठवी. कुठल्या वर्गातून घरी येताना तिला दुसऱ्या दिवसाची घाई होते ते बघा. बारावीचं वर्ष आहे, तर दिवाळीच्या आधीचे काही शनिवार आणि सुटीतले दिवस काढा.

आणि कोल्हापूर सोडावं लागेल का विचारलंत म्हणून. शाहू महाराजांनी १९१७ ला या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला रुपया दंड होता. आमच्या शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, गारगोटीला त्यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं आणि पुढं १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. इथं काम करायला माती कमी नाही. चार वर्षं बाहेर जाऊ दे, परत येऊ दे, शाळा इथंच आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, नोकरीची पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक असलेल्या आम्हा जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय. शाळेतले बरेच जण चिडलेत, आणि चिडणं मला कळतं. मी रात्री त्यातला बालविकासाचा भाग वाचतोय, तीस मार्कांचा आहे. परवा बालमानसशास्त्रज्ञ पियाजे वाचला आणि सकाळी शाळेशेजारच्या अंगणवाडीत जाऊन करून बघितला. पाच वर्षांच्या एका मुलीसमोर चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, सात-सात. सारख्या हायत, म्हणाली. मग एक ओळ लांब पसरली. "आता ह्यात जास्त." पुस्तकात हेच लिहिलंय. मी उठायला लागलो तर तिनं माझा हात धरून बसवलं, लांब केलेली ओळ स्वतः परत जवळ आणली आणि एकेक चिंचोका बोटानं दाबत बसली. सव्वीस वर्षं शिकवतोय, इतकं शांत बसून एका मुलाकडं बघायची सवड मला कधी झाली नव्हती.

तुमच्या मुलीला घेऊन या. सेविकाताईंना मी विचारून ठेवतो, शनिवारी सकाळी दहाला या, एसटीनं गारगोटीला उतरलात की मी घ्यायला येतो. पत्ता मेसेज करतो.

बावड्याची आई

सर, येतोय. ह्यांनीच सांगितलंय गाडी काढतो म्हणून. मुलगी विचारतेय की येताना काय आणू?

भुदरगडचा मास्तर

वही-पेन. आणि घरात असले तर मूठभर चिंचोके, अंगणवाडीतले पोरांनी खेळून खेळून संपवलेत.